वरच्या घराची नोंद

४ मार्च

प्रिय डॉक्टरीणबाई,

परवा तू फोन केलास आणि मी "पत्र लिही" एवढं म्हणून ठेवून दिला. त्याचा राग आला असेल तर येऊ दे. कारण सांगते. मार्च ते जून माझा फोन माझा नसतो. आमच्या खोलगटात मोबाइलला रेंज येत नाही, वणव्याची खबर द्यायला जुना तारेचा फोनच आहे, आणि साखळीची पहिली कडी मी आहे. टेकडीवरच्या मनोऱ्यावरून वनरक्षकाला धूर दिसला की तो मला फोन करतो. मी बेकरीवालीला करते, ती पुढच्या घराला, ते त्याच्या पुढच्या. एक्केचाळिसावं घर उलट मला फोन करतं. तसा फोन आला म्हणजे साखळी मध्ये कुठे तुटली नाही. त्या वेळी मी तुझ्याशी दातांच्या गप्पा मारत बसले असेन, तर चाळीस घरं गेली.

पहिल्या सरावाला एक तास पन्नास मिनिटं लागली. का, तर प्रत्येकाने पुढच्याची विचारपूस केली. गुडघा कसा आहे, सून माहेराहून आली का, इतके दिवस कुठे होता. मी सभेत उभी राहून सांगितलं, निरोप चार वाक्यांचा आहे, तेवढाच सांगायचा, समोरच्याकडून शब्दन्‌शब्द उलट वदवून घ्यायचा आणि फोन ठेवायचा. दुसरा सराव एकोणीस मिनिटांत झाला. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसले ती काही उगीच नाही.

आता मुद्दा. तुझे बाबा, म्हणजे माझे मामा.

वनखात्याने एक तक्ता दिलाय. प्रत्येक घरापुढे लिहायचं: "निघणार" की "थांबणार", आणि निघणार असेल तर गाडी हवी की नको. ज्याला हवी त्याच्याकडे जीप जाणार. थांबणार असेल त्याच्याकडे कोणी जाणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलंय. मामांचं घर तू जाणतेस. गावापासून वर, दोन्ही बाजूंना वाळकी झुडपं, एकच अरुंद चढ, आणि गाडी वळवायची तर थेट त्यांच्या अंगणात. सभेत मी त्यांच्यासमोर कागद धरला. त्यांनी वाचला, आणि बहिऱ्या माणसाचा असतो तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "थांबणार. लिही."

मी लिहिलं.

तुला कळवणं माझं काम होतं. कळवलं.

तुझी ताई

~

१२ मार्च

प्रिय ताई,

तू लिहिलंस? ते म्हणाले आणि तू लिहिलंस? ते उद्या म्हणाले मला विहिरीत राहायचंय, तर विहिरीपुढे बरोबरची खूण करशील का?

आई गेल्यापासून तीन वर्षं मी त्यांना इकडे बोलावतेय. चौथ्या मजल्यावर हवेशीर खोली आहे, लिफ्ट आहे, खाली दवाखाने आहेत, मी स्वतः आहे. दर वेळी एकच, "तिथे मी काय करू?" आणि गावात काय करतात? दहा मधपेट्या, गुडघेदुखी आणि न ऐकू येणारा रेडिओ.

मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसते. माझ्या खुर्चीतला माणूस उलट बोलू शकत नाही, म्हणून असेल, पण घरी कोणी उलट बोललं की मला सुचत नाही. तू समजाव त्यांना. गावात सगळे तुझ्या धाकात आहेत. एक मामा तुला जड जावेत?

तुझी
(नाव लिहीत नाही, दात ओठ खात लिहितेय)

~

१९ मार्च

प्रिय डॉक्टरीणबाई,

दात ओठ खाऊ नकोस. तुझ्या धंद्यात ते शोभत नाही.

गेले होते. बेकरीतला पाव घेऊन गेले, म्हणजे भांडण निदान चहाबरोबर होईल. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचं आणि त्यांनी ओरडून उत्तर द्यायचं, असं आमचं चालतं.

मी लिहिलं, "निघायला काय होतं?"

"निघायला काही होत नाही. पोहोचायला होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे गुडघे. पाव चांगलाय. काल भाजलेला का?"

"विषय बदलू नका."

"तू तुझा तक्ता सांभाळ. मी माझा जीव सांभाळतो."

मी पेन्सिल दाबून लिहिलं, "जीव सांभाळणारा माणूस थांबणार म्हणतो का?" त्यावर ते हसले. खाणीत सुरुंग लावण्यात सारी उमर घालवलेल्या माणसाचं हसणं तुला माहीत आहे. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. मग उठून पेट्यांकडे गेले. मुलाखत संपली.

अंगण मात्र त्यांनी झाडून लख्ख ठेवलंय, एवढं न्यायाने सांगायला हवं. छपराजवळ वाळकी काडी नाही. घराभोवती त्यांनी स्वतःची जाळरेषाही केलीय, गवत काढून रिकामा केलेला दहा पावलांचा पट्टा. थांबायचंच ठरवलंय, त्याचीच ही तयारी, असं मला वाटलं.

एक नवं खूळ सांगते. मामा हल्ली आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, खाली सलूनमध्ये येऊन बसतात. डोक्यावर केस मोजून चार. सलूनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "गिऱ्हाईक आहे, बसतं. तुम्हाला काय?" मला काय!

तुझी ताई

~

२७ मार्च

प्रिय ताई,

सलूनचं वाचून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. या वयात कोणासाठी नटतायत ते शोधून काढ. असेल कोणी तर तिला सांग, त्यांना खाली राहायला लाव, मी जन्मभर तिचे दात फुकट बघीन.

पण रात्रंदिवस माझ्यापुढे तो चढ येतो. टीव्हीवर कुठलाही वणवा दाखवला तरी मला तोच दिसतो.

ताई, एक मागते. तक्ता तुझ्याकडे आहे. "थांबणार" खोड आणि "निघणार, गाडी हवी" लिही. त्यांना सांगायची गरज नाही. त्या दिवशी जीप दारात उभी राहिली की दोन माणसं त्यांना उचलून आत बसवतील. नंतर आयुष्यभर तुझ्यावर, माझ्यावर रागावू देत. रागवायला उरतील तरी.

एक शब्द बदलायचाय. फक्त एक.

तुझी धाकटी

~

६ एप्रिल

प्रिय डॉक्टरीणबाई,

नोंद ही नोंद असते. माणसाने सांगितलं ते लिहायचं, आपल्याला जे हवं ते नाही. बोर्डावर असताना एका बड्या अधिकाऱ्याने कॉलची वेळ मागची टाकायला सांगितली होती. मी त्याला नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं होतं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आता बासष्टाव्या वर्षी तू मला हे शिकवतेस?

तरी तुझ्या जिवाला घोर नको. मामांच्या बाबतीत व्यवस्था झाली आहे. काय आणि कशी, ते विचारू नकोस. विचारलंस तरी सांगणार नाही.

वारा सुटलाय. गवत हातात धरलं तर चुरा होतो. पत्र आटोपते.

ताई

~

१३ एप्रिल

प्रिय ताई,

विचारत नाही! तू त्यांना पटवलंस एवढं कळलं, पुरे. मला ठाऊक होतं, तुझ्यापुढे कोणाचं चालत नाही.

त्यांच्यासाठी एक पाठीवरची पिशवी पाठवतेय. आत टॉर्च, शिट्टी, औषधांची यादी, सुती रुमाल, कागदपत्रांसाठी प्लॅस्टिकचं पाकीट आणि कवळीची जादा डबी. ते कवळी विसरतील आणि मग माझ्याच डोक्याला ताप. दाराच्या आतल्या खिळ्यालाच अडकवायला सांग.

इतकं हलकं वाटतंय की काल एका माणसाची अक्कलदाढ काढताना मी गुणगुणत होते. तो घाबरला.

तुझी धाकटी

~

१८ एप्रिल

सगळे सुखरूप. मामा सुखरूप. आधी हे दोनदा वाच आणि मगच पुढे जा.

काल दुपारी वणवा आला. गाव वाचलं. वरचं घर गेलं. मामा माझ्याकडे आहेत, अंगावर ओरखडा नाही, आता समोर बसून चहात पाव बुडवतायत. फोनच्या तारा जळाल्यात, कधी जोडतील माहीत नाही. ही चिठ्ठी टँकरचा ड्रायव्हर शहरात टाकेल. सविस्तर नंतर लिहिते. मला लिहिण्यासारखं बरंच आहे आणि ते सोपं नाही.

ताई

~

२१ एप्रिल

ताई,

चिठ्ठी मिळाली. दोनदा नाही, वीसदा वाचली. दवाखान्यात बाहेर तीन माणसं गाल धरून बसली होती, त्यांना तशीच ठेवून मी आतल्या खोलीत जाऊन रडले. मग तोंड धुऊन तिघांचेही दात बघितले. कोणाचाही चुकीचा दात काढला नाही, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे.

आता तुला एक सांगायचंय. मी हे कोणाला बोललेले नाही.

फेब्रुवारीत मी बाबांना फोन केला होता. गावातल्या पोस्टातल्या फोनवर, ते तिथे येतात त्या नेहमीच्या वेळी. मी म्हटलं या, ते म्हणाले नाही. मी समजावलं, ओरडले, शेवटी माझा तोल गेला. मी म्हणाले, "मग बसा तिथेच जळत." ताई, ते शांतपणे म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

पुढच्याच महिन्यात सभेत त्यांनी "थांबणार" लिहायला सांगितलं. तुझं पत्र आलं तेव्हा तो शब्द माझ्यामुळे लिहिला गेला असं मला वाटलं. म्हणून मी तुझ्यामागे लागले होते. काळजी होतीच, पण त्याहून जास्त भीती होती.

ते काही बोलले का? खरं सांग.

धाकटी

~

२५ एप्रिल

प्रिय धाकटे,

तू खरं सांगितलंस, आता मीही सांगते. मध्येच वाचायची थांबू नकोस.

मी त्यांना पटवलं नव्हतं. तू मागितलंस तेच मी केलं होतं. "निघणार, गाडी हवी" असं लिहिलं. तुला नियमांच्या पुस्तकाची गोष्ट लिहिली, ती नोंद बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी. एवढी मी सरळ.

तक्त्याच्या दोन प्रती असतात. एक माझ्याकडे, तिच्यावरून जीप कुठे पाठवायची ते ठरतं. दुसरी बेकरीवालीकडे, तिच्यावरून ती शाळेच्या मैदानात हजेरी घेते. मी माझी प्रत बदलली. तिची बदलायची तर तिला सांगावं लागलं असतं, आणि सांगायची मला लाज वाटली. म्हणून तिच्या प्रतीत मामा "थांबणार"च राहिले.

सतरा तारखेला साडेबाराला वनरक्षकाचा फोन आला. खाणीच्या मागे धूर. मी बेकरीवालीला निरोप दिला: "वणवा. खाणीच्या मागे. शाळेच्या मैदानात या. उलट सांगा." तिने उलट सांगितला. आवाज कापत होता, पण एक शब्द चुकला नाही. मग मी तक्ता पाहून जीप वर पाठवली. जीपमध्ये टँकरचा ड्रायव्हर आणि मनोऱ्यावरून उतरून आलेला वनरक्षक, दोघे. चौदाव्या मिनिटाला एक्केचाळिसावा फोन आला. साखळी पूर्ण झाली. दार ओढून घेतलं आणि मी मैदानाकडे निघाले. हो, मनात थोडी ऐट होती, ती लपवत नाही.

मैदानात झाडाखाली मामा बसले होते. गळ्याभोवती सलूनवाल्याचं कापड, एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल गुळगुळीत.

मी बेकरीवालीला म्हटलं, "हे इथे कसे?"

ती म्हणाली, "इथेच होते की. सलूनवाल्याने आरशावर फेसाने 'वणवा' लिहिलं, ते वाचून उठून आले. माझ्या यादीत ते थांबणार आहेत, म्हणून मोजले नाहीत. का हो ताई?"

जीप तेव्हा मामांच्या अंगणात होती.

नंतर ड्रायव्हरने सांगितलं. घर उघडं, चुलीतल्या राखेवर ठेवलेलं पाणी अजून कोमट. हाका मारून उपयोग नाही, म्हातारा बहिरा आहे हे दोघांनाही माहीत. हाकेला ओ आली नाही म्हणजे माणूस नाही, असं म्हणता येईना. म्हणून त्यांनी प्रत्येक खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, पेट्यांमागे पाहिलं, विहिरीत डोकावून पाहिलं. अकरा मिनिटं. तेवढ्यात खाली चढाच्या एका बाजूची झुडपं पेटली.

मला मैदानातून फक्त धूर दिसत होता. जीपला कळवायचं काही साधन माझ्याकडे नव्हतं. आयुष्यभर लोकांना एकमेकांशी जोडून देण्याचं काम केलं, आणि हाताशी एक तार नाही. ड्रायव्हरची बायको माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिने मला विचारलं, "वर कोणाला आणायला गेलेत हो?" मी उत्तर दिलं नाही. मामा मला विचारत होते, "काय झालं? तोंड असं का केलंस?" मी त्यांच्या गळ्यातल्या कापडावर खडूने लिहिलं, "जीप तुम्हाला आणायला वर गेलीय."

धाकटे, मामांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ते उभे राहिले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "मी थांबणार लिहायला कशासाठी सांगितलं होतं?"

तेव्हा मला समजलं. गाडी वर येऊ नये म्हणूनच त्यांनी "थांबणार" म्हटलं होतं. त्या चढावर खालून आग लागली तर गाडी अडकणार, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. घरात थांबायचा त्यांचा विचार कधीच नव्हता. वारा सुटला की सकाळीच हळूहळू, गुडघे सांभाळत, ते खाली येत आणि सलूनमध्ये बसत. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. आणि मला समजावून सांगायला ते बांधलेले नव्हते, असं त्यांचं म्हणणं. नंतर घरी म्हणाले, "सुरुंग पेटवल्यावर कुठे पळायचं ते बघत नाहीत. कुठे उभं राहायचं ते आधी ठरवतात. तू शिकलेली, तुला एवढं कळू नये?"

जीप आली. धुरातून आधी दिवे दिसले, मग ती. एका बाजूचा रंग फुगून आलेला. ड्रायव्हरच्या भुवया जळालेल्या, हातावर फोड. वनरक्षकाला नुसता खोकला.  बेकरीवालीने मला पाणी दिलं, ते मी ड्रायव्हरच्या हातावर ओतलं.

पुढे वारा फिरला, गावाच्या जाळरेषेपाशी आग अडली. साखळीतली एक्केचाळीसही घरं उभी आहेत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मामा फेब्रुवारीतल्या फोनबद्दल काही बोललेले नाहीत. मी विचारलेलंही नाही. ते तुझं आहे, तू विचार.

माझी नोंदीची गोष्ट अजून गावात कोणाला माहीत नाही. मामा सोडून.

ताई

~

२ मे

ताई,

शब्द बदल असं मी म्हणाले होते. "फक्त एक" असंही म्हणाले होते. सभेत माझंही नाव सांग. तू एकटीने का ऐकून घ्यायचं?

ड्रायव्हरच्या हातासाठी मलम पाठवतेय. भुवयांवर माझ्याकडे इलाज नाही.

आणि बाबांना माझ्याकडे पाठव. छप्पर होईपर्यंत. तू सांगितलंस असं सांगू नकोस, मी विचारलं असंही नको. पुढची बस कधी आहे तेवढंच त्यांच्यासमोर कागदावर लिहून ठेव. ते स्वतःच ठरवतात, हे आता मला कळलंय.

धाकटी

~

११ मे

प्रिय धाकटे,

सभा झाली. तुझं नाव मी घेतलं नाही. लेखणी माझ्या हातात होती.

उभी राहून सरळ सांगितलं, वरच्या घराची नोंद मी बदलली, एकाच प्रतीत बदलली, आणि त्यामुळे दोन माणसं मरता मरता वाचली. साखळीची पहिली कडी दुसऱ्या कोणाला करा. मग खाली बसले. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी बसले होते तशी, हात मांडीवर ठेवून.

 ड्रायव्हरची बायको उठली. मी मनात म्हटलं, आता ऐकायचं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही मला त्या दिवशी उत्तर दिलं नाहीत, त्याचा मला राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल." आणि बसली. ते मला योग्य वाटलं.

मग ड्रायव्हर म्हणाला, "भुवया येतायत. बघा, डावीकडे आल्यासुद्धा. पण फोन करून खडसावणारी आणि उलट वदवून घेणारी दुसरी बाई कुठून आणायची? ही बेकरीवाली तर रडायलाच लागेल." बेकरीवाली म्हणाली, "मी रडले तरी निरोप पुरा सांगते!" तिथे लोक हसले, आणि सभा पुन्हा सभेसारखी झाली.

ठरलं ते असं. पहिली कडी मीच. पण तक्त्याच्या दोन्ही प्रती दर सोमवारी मी आणि बेकरीवाली समोरासमोर बसून मोठ्याने वाचणार. एक वाचेल, दुसरी बोट फिरवेल. आणि नवा रकाना घातला: "वारा सुटताच आधीच खाली येणार, बसण्याची जागा." आतापर्यंत त्यात सहा नावं आली. त्यांतल्या चार जणांना सलूनच हवं आहे. सलूनवाला म्हणतो, बाकं वाढवा.

मामा उद्याच्या बसने निघतायत. कागद टेबलावर ठेवला होता. तीन दिवस त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. चौथ्या दिवशी म्हणाले, "खिडकीची जागा मिळेल का?" दहापैकी चार पेट्या वाचल्यात, त्या वनरक्षक बघणार आहे. मामांशी फोनवर ओरडून बोलतेस तसं समोर ओरडू नकोस. लिही. अक्षर मोठं काढ. डॉक्टरांचं काढू नकोस.

घर एकदम मोठं वाटणार आहे. वाटू दे. पोहोचले की कळव. तारा जोडल्या आहेत, पण तू पत्रच पाठव.

ताई

~

१९ मे

प्रिय ताई,

पोहोचले. जेवतात. झोपतात. घोरतात. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने पहिल्याच सकाळी विचारलं, मशीन घेतलंय का काही?

त्या फोनचं विचारलं. बोलून नाही, वहीत लिहून. "फेब्रुवारीत फोनवर मी तुम्हाला काय म्हणाले, आठवतं?" त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "फोनवर मला तीन वर्षं काही ऐकू येत नाही. तू या म्हणत असशील असं धरून आधी नाही म्हणतो, तू बोलायची थांबलीस असं वाटलं की बरं म्हणतो आणि ठेवतो. तू रागावू नयेस म्हणून सांगितलं नाही." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "का? काय म्हणाली होतीस?"

ताई, पेन हातात होतं. मी लिहिलं, "वेळेवर जेवत जा म्हणाले होते."

"मग जेवतो की," ते म्हणाले.

खोटी नोंद केली. तुला रागवायचं असेल तर रागाव. दुसरी प्रत कुठेच नाही.

आता दुसरं. आल्या दिवशी त्यांनी खोली बघितली नाही, बाल्कनी बघितली नाही. दारातच उभे राहून विचारलं, "इथे आग लागली तर कुठून बाहेर पडायचं?" मी लिफ्ट दाखवली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत सात वर्षांची झाले. "आगीत लिफ्ट?" मागचा जिना आहे, मी लिहिलं. "दाखव." गेलो. अकरा वर्षं मी या इमारतीत राहते आणि त्या जिन्याने एकदाही उतरलेले नाही. दुसऱ्या मजल्यावर कोणाची तरी खोकी, मोडकी सायकल, गुंडाळलेली गादी. त्यावरून चढून उतरलो. खालच्या दाराला हे एवढं कुलूप.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात असताना ते स्टूल घेऊन लिफ्टसमोर जाऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर वही धरायची: "मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे?" सात जणांनी सात नावं सांगितली. त्यांतला एक दोन वर्षांपूर्वी घर विकून गेलाय. लोक मला संध्याकाळी विचारायला लागले, "डॉक्टर, खाली बसलेत ते तुमचे कोण?" आधी मला लाज वाटली. तिसऱ्यांदा कोणी विचारलं तेव्हा मी ताठ उभी राहून सांगितलं, "माझे बाबा. किल्ली कुठे आहे?"

गादीवाल्या बाई भांडल्या. बाबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही, ते फक्त मान हलवत होते, त्यामुळे त्यांचं भांडण टिकेना. शेवटी स्वतःच गादी ओढत घरात घेऊन गेल्या. किल्ली सापडलीच नाही. काल कुलूप तोडलं आणि आतून ढकलून उघडेल असा आडवा दांडा बसवला.

आज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी आम्ही दोघं त्या जिन्याने उतरलो. ते पुढे, कठडा धरून, पायऱ्या मोजत. मी मागे. बहात्तर पायऱ्या, त्यांच्या गुडघ्यांनी साडेचार मिनिटं. तळाशी ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "तू ढकल." मी दांडा ढकलला. दार उघडलं. बाहेर रस्ता, ऊन, भाजीची गाडी, सगळं नेहमीचं.

बाबांनी बाहेर एक पाऊल टाकलं, दोन्हीकडे पाहिलं, परत आत आले.

"हं," ते म्हणाले. "आता तुझ्याकडे राहायला हरकत नाही."

तुझी धाकटी